६० पिना की ७२?

परदेशातून मागवलेली होमब्रू (हौशी लोकांनी घरी बनवलेल्या गेमची) कार्ट्रिज जुन्या कन्सोलमध्ये बसत नाही म्हणताय, पण ती खराब नाहीये. आपल्याकडचे बहुतेक 'टीव्ही गेम' म्हणजे फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलच्या) नकला, त्यांना ६० पिना; एनईएसच्या, म्हणजे त्याच्याच अमेरिकी आवृत्तीच्या, कार्ट्रिजला ७२. ७२ पिनांची कार्ट्रिज ६० पिनांत बसवणारा अडॅप्टर घ्या, कानशीने खाच मोठी करत बसू नका (मी बसलो होतो!).

माझा कन्सोल जुन्या बाजारातला, रविवारी घासाघीस करून घेतलेला. त्यावर लक्ष्मी रोडच्या गर्दीचा गेम लिहितोय. रॅम २ केबी, ते एकवेळ भागतं. पण एका आडव्या रेषेत ८च स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) दिसतात. माझी रिक्षा दोन स्प्राइट रुंद, म्हणजे पाचवी रिक्षा गायब! म्हणून दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगवताना दर वेळी, स्प्राइटचा क्रम फिरवतो. सगळ्या लुकलुकतात, पण दिसतात तरी.