फुलर ऑलब्राइट यांचा प्रभाव कशाने मोजावा?

हाडे आणि अंतःस्रावी (थेट रक्तात हार्मोन सोडणाऱ्या) ग्रंथी यांच्या अभ्यासकाचा प्रभाव त्याच्या शोधनिबंधांचे संदर्भ किती वेळा दिले गेले यावरून ठरवावा, हे मत मला अपुरे वाटते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टर-संशोधक फुलर ऑलब्राइट यांचेच पाहा. पाळी थांबल्यावर घटणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आणि ठिसूळ होणारी हाडे यांचा संबंध त्यांनी १९४०-४१ च्या सुमारास मांडला. आपल्या दापोली-हर्णैकडे मात्र डोक्यावर मासळीची पाटी वाहण्यात आयुष्य गेलेल्या बाईची पाठ वाकली, की अजूनही ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो, आणि एक्स-रेत मणका पुढून पाचरीसारखा चेपलेला दिसतो तेव्हा कुठे हाडांची चौकशी सुरू होते.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन घटल्यावर मुख्यतः हाडांची झीज वाढते, हे पुढे स्पष्ट झाले. (चुकीच्या उत्तरामागचा प्रश्न अचूक असू शकतो, हे संदर्भ मोजणाऱ्या तक्त्यात कुठे मांडणार?) रक्तात पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियमचे प्रमाण राखणारे) असूनही शरीर त्याला दाद देत नाही, अशा आजाराचे वर्णन त्यांनी १९४२ मध्ये केले. कर्करोगाच्या गाठीतून त्या हार्मोनसारखेच द्रव्य स्रवत असावे, हा त्यांचा १९४१ चा तर्क तर असे प्रथिन वेगळे करून सिद्ध व्हायला १९८७ साल उजाडले, आणि तोवर त्यांच्या निधनाला १८ वर्षे झाली होती.