टीबीचा कोर्स सहा महिने, भाऊ दोन महिन्यांतच गोळ्या सोडायच्या म्हणतोय

सातारकर७
धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघाला, वय २४. गोळ्या चालू करून दोन महिने झाले, ताप गेला, खोकला गेला, वजन वाढलं, आणि आता म्हणतो मी बरा झालो अजून चार महिने कशाला. मळमळ होते, त्यात कंपनीची शिफ्ट. आईचं रोज भांडण. कोर्स एवढा लांब असतो म्हणूनच लोक सोडतात का? छोटा कोर्स नसतो का?

निळीशाई
मी सोडल्या होत्या, तिसऱ्या महिन्यात. बरं वाटत होतं म्हणूनच. सात-आठ महिन्यांनी परत खोकला, तपासणीत निघालं की टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन आता लागू पडत नाही, मग १८ महिन्यांचा कोर्स, पायाला मुंग्या, नोकरी पण गेली. भावाला हे दाखवा प्लीज.

गोळीवाली_ताई
मी टीबीच्या कामातच आहे. लांबीमुळे लोक कोर्स सोडतात हे खरंय. घरातल्यांना टीबी होऊ नये म्हणून जे औषध देतात त्याची २०११ मध्ये मोठी ट्रायल आली, आठवड्यातून एकदा असे १२ डोस घेणाऱ्यांत ८२ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला आणि नऊ महिने रोज गोळी घेणाऱ्यांत ६९ टक्के. पण ते आजार नसलेल्यांसाठी. आजार झालेल्यांचा कोर्स आधी दीड-दोन वर्षांचा असायचा, रिफॅम्पिसिन आल्यावर तो सहा महिन्यांवर आला. पुढे चार महिन्यांच्या कोर्सच्या काही ट्रायल झाल्या त्यांचे निकाल २०१४ ला आले, त्यात टीबी उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. खोकला गेला तरी थोडे सुस्त जंतू आत उरतात ना, त्यांनाच वेळ लागतो. मनाने चारवर आणू नका.

आणि माझ्याकडे लोक सुटतात ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, नेमकं बरं वाटायला लागल्यावर. खरंतर दोन महिन्यांनी पायराझिनामाइड बंद होतं, चारची तीन औषधं राहतात, बऱ्याच जणांची मळमळ कमी होते. थोडं खाऊन किंवा झोपताना घेतल्या तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा, शिफ्टचंही सांगा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, भूक मेली तर त्याच दिवशी दाखवा, मात्र नुसती लालसर-केशरी लघवी रिफॅम्पिसिनमुळे होते, घाबरू नका. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतायत का तेही बघा.

सातारकर७
ताई खूप आभार. निळीशाईंचं त्याला वाचायला दिलं, काही बोलला नाही पण रात्रीच्या गोळ्यांचं विचारायला उद्या माझ्यासोबत येतो म्हणाला. आईचा एक्सरे अजून झालेला नाही, तो पण उद्याच करून घेतो.