एनसीसीच्या छात्रांना नेतृत्व शिकवणारे मार्गदर्शक कोठे शोधावेत?

भूगोलवाली (धागाकर्ती):

सर्व सभासदांना नमस्कार. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका तालुक्याच्या गावी मी वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्याकडे एनसीसीचे भूदल पथक आहे. ते वर्षानुवर्षे सांभाळणारे सर यंदा निवृत्त झाले आणि प्राचार्यांनी केअरटेकर अधिकारी म्हणून ती जबाबदारी माझ्याकडे सोपवली. मी स्वतः कधी छात्र नव्हते, त्यामुळे पहिले दोन महिने फॉल-इन (रांगेत उभे राहणे), नॉमिनल रोल (छात्रांच्या नावांची यादी) आणि अल्पोपाहाराची बिले एवढे समजून घेण्यातच गेले.

पथकात ५२ छात्र असून त्यांपैकी १८ मुली आहेत. कवायत उत्तम आहे. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाचे तर गावभर कौतुक झाले. परंतु त्यानंतर, वृक्षारोपणाचे संपूर्ण नियोजन तुम्हीच करा, असे मी सांगितले, तेव्हा सार्जंटपासून नव्या छात्रापर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. खड्डे किती, रोपे कोठून, पाणी कोण घालणार, यांपैकी एकाही प्रश्नावर कोणी स्वतःहून बोलेना. सांगितलेले काम ही मुले चोख करतात, पण काय करायचे हे ठरवण्याची वेळ आली की 'मॅडम, तुम्ही म्हणाल तसे' यापुढे गाडी जात नाही.

त्यातच तीन मुलगे आणि एक मुलगी यांना सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. शहरातील एका अकादमीने सांगितलेले शुल्क असे आहे, की एका मुलाच्या घरची दुधाची वर्षभराची कमाई त्यात जाईल. एका सहकाऱ्याने मानधन घेऊन येणारा प्रेरणादायी वक्ता सुचवला आहे. मला विचारायचे आहे ते असे, की या मुलांना खऱ्या अर्थाने घडवू शकतील अशी माणसे आमच्यासारख्या आडगावी कोठे मिळतात, आणि समोरचा माणूस त्या कामाचा आहे की नाही हे माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीने ओळखावे कसे?

निवृत्त_सुभेदार:

मॅडम, नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. त्याआधी तीन वर्षे एका एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ (लष्करी प्रशिक्षक) म्हणून होतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

वक्त्याचे पैसे वाचवा. एक तास टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. आपला पहिला मार्गदर्शक आपल्याच बटालियनमध्ये बसलेला आहे. पीआय स्टाफ म्हणजे सैन्याच्या निरनिराळ्या पलटणींतून काही वर्षांसाठी आलेले हवालदार आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी). त्यांतील अनेकांनी सीमेवर दहा-बारा जवानांचे सेक्शन सांभाळलेले असते. आपण मात्र त्यांच्याकडून सावधान-विश्राम आणि रायफल खोलणे-जोडणे एवढेच करून घेतो. कमांडिंग ऑफिसरसाहेबांना रीतसर पत्र द्या आणि नकाशावाचन व फील्डक्राफ्ट (मैदानावरील हालचाली) यांसाठी तोच प्रशिक्षक सलग काही परेडना मिळावा अशी विनंती करा. दर वेळी नवा माणूस आला तर त्याला मुलांची नावेसुद्धा कळत नाहीत, मग स्वभाव कोठून कळणार?

एक प्रसंग सांगतो. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात नकाशावाचनाचा सराव होता. एका सेक्शनच्या कमांडरने होकायंत्र घेऊन बेअरिंग (दिशेचा कोन) काढले, पण ते काढताना तो रेशनच्या ट्रकला अगदी चिकटून उभा होता. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे त्याला वर्गात शिकवलेले होते. मी पाहिले आणि गप्प राहिलो. ती नऊ मुले अर्धा किलोमीटर चालत गेली आणि जेथे देऊळ लागायला हवे होते तेथे ओढा लागला. तेव्हा मी फक्त एवढेच विचारले, की नकाशा चुकला, ओढा चुकला की आपण चुकलो? दहा मिनिटे त्यांची आपसांत चर्चा झाली. शेवटी मागे राहणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या एका पोराने ट्रकची आठवण काढली. परतीच्या वाटेवर मी त्यालाच कमांडर केले. मी ट्रकपाशीच ओरडलो असतो, तर त्या मुलांना होकायंत्र कळले असते, पण तो पोरगा मला कळला नसता.

तेव्हा माणूस पारखण्याची माझी कसोटी ही: मुले चुकत असताना त्याला गप्प राहता येते का, आणि चूक झाल्यावर त्यांच्याशी बसून बोलता येते का, हे पाहा. अर्थात जेथे इजा होण्याचा संभव आहे तेथे, विशेषतः फायरिंग रेंजवर, हा नियम लागू नाही. तेथे चुकीच्या आधीच थांबवायचे.

तालुक्यातील निवृत्त जेसीओ शोधण्यासाठी सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लिहा. माजी सैनिकांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात आणि बोलावले तर यायला आनंदाने तयार असणारी माणसे गावोगावी आहेत.

माजी_अंडर_ऑफिसर:

सुभेदार साहेबांशी पूर्ण सहमत आहे. मी अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या त्या चौघांविषयी लिहितो, कारण त्या वाटेवर मी दोनदा ठेचकाळलो आहे.

'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळाले आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असले, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या (सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) मुलाखतीला जाता येते, हे बहुतेक छात्रांना ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ती पुढची गोष्ट. नाशिक रोड येथे राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथे महाराष्ट्रातील युवक-युवतींसाठी एसएसबीच्या तयारीचे निवासी वर्ग चालतात. राहणे, जेवण आणि प्रशिक्षण विनामूल्य असते. सीडीएसची (अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार तेथे जातात, तसेच 'सी' प्रमाणपत्र 'ए' किंवा 'बी' श्रेणीत मिळवलेले आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेले छात्रही जातात. प्रवेशाची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लागते. दुधाच्या कमाईला हात लावण्यापूर्वी ही वाट अवश्य चोखाळून पाहावी.

अकादम्या सरसकट वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. बोलावणे आल्यानंतर गटकार्याचा सराव मिळण्यापुरता त्यांचा उपयोग होतो. माझे नुकसान झाले ते दुसऱ्या कारणाने. मी ज्या वर्गाला गेलो, तेथे चित्रावरून लिहायच्या गोष्टी तयार करून पाठ करवून घेत. माझ्या प्रत्येक गोष्टीचा नायक गावात पूर आला की बोट घेऊन धावत असे. प्रत्यक्ष परीक्षेत शब्दांच्या चाचणीत ६० शब्द येतात आणि एकेका शब्दाला फक्त १५ सेकंद मिळतात. तेथे पाठ केलेले पहिल्या दहा शब्दांत संपते आणि पुढचे पन्नास शब्द तुम्ही जसे आहात तसेच लिहिता. पाच दिवसांत मानसशास्त्रज्ञ, गटकार्य घेणारे अधिकारी आणि मुलाखतकार हे तिघे वेगवेगळ्या बाजूंनी त्याच एका माणसाला पाहत असतात. माझी गोष्ट एक सांगत होती आणि मैदानावरचा मी दुसराच होतो. दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी, कॉन्फरन्सनंतर, परत आलो.

म्हणून माझी शिफारस अशी, की निवड झालेल्या माजी छात्राला जसे बोलवाल तसेच न निवडले गेलेल्यालाही बोलवा. निवड झालेला 'आत्मविश्वास ठेवा' असे सांगून जातो. परत आलेल्याने प्रत्येक दिवसाचा शंभर वेळा विचार केलेला असतो. तो मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल तर अधिक चांगले, कारण मुले त्याला खरे प्रश्न विचारतात. तुमच्या आधीच्या सरांकडे जुन्या छात्रांचे क्रमांक नक्की असतील.

शेवंती:

नमस्कार, ताई. मी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरापर्यंत गेलेली माजी छात्रा आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत अठरा मुलींचा वेगळा विचार आलेला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या वेळी पुढे काय, या प्रश्नाला मुलींपुढे मोजकीच उत्तरे होती. आता एनडीएच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, बाहेर पडली आहे. राज्य सरकारची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला सुरू झाली आहे. ती दहावीनंतरची आहे, त्यामुळे तुमच्या छात्रांना नव्हे, पण त्यांच्या धाकट्या बहिणींना उपयोगी पडेल. हे सगळे मुलींना कळायला हवेच, पण त्यांच्या वाटेतला अडथळा बहुधा माहितीचा नसतो. शिबिर दहा दिवसांचे आहे म्हटल्यावर घरून नकार येतो, परेड संपायला उशीर झाला की शेवटची एसटी चुकते, आणि शिबिरात पाळी आली तर सांगायचे कोणाला, हा प्रश्न असतोच. माझ्या बाबतीत आमच्या मॅडम स्वतः घरी आल्या, आजीच्या हातचा चहा प्यायल्या आणि शिबिरात राहण्याची सोय कशी असते हे तिला तपशिलाने सांगितले. त्या एका भेटीमुळे मी दिल्लीला गेले.

बटालियनकडे मुलींसाठी नेमलेल्या प्रशिक्षिका, म्हणजे जीसीआय, असतील तर त्यांची मागणी करा. नसतील तर तालुक्यातील महिला पोलीस उपनिरीक्षक किंवा आरोग्य अधिकारी यांनाही बोलावता येईल. गणवेश कोणता आहे यापेक्षा, पुरुषांच्या कार्यालयात आदेश देण्याचा अनुभव असलेली बाई मुलींना समोर बसून पाहायला मिळणे महत्त्वाचे आहे. आणि एक सूचना स्पष्टच करते. मार्गदर्शक कितीही नामांकित असो, त्याने कोणत्याही छात्राशी, मुलगा असो वा मुलगी, परस्पर फोनवर किंवा एकट्याने भेटून संपर्क ठेवू नये. जो काही संवाद असेल तो तुम्ही ज्यात आहात अशा गटावर किंवा महाविद्यालयाच्या आवारात व्हावा. चांगल्या माणसाला या अटीचा राग येत नाही.

कृष्णाकाठ:

मी २७ वर्षे एएनओ (महाविद्यालयातील पथक सांभाळणारा एनसीसी अधिकारी-शिक्षक) होतो आणि मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झालो. थोडे कडू लिहितो, त्याबद्दल क्षमस्व.

छात्रांना सर्वांत जास्त घडवणारी किंवा बिघडवणारी व्यक्ती बाहेरून येत नाही. ती म्हणजे तिसऱ्या वर्षाचा अंडर ऑफिसर (छात्रांमधला वरिष्ठ हुद्देदार). आपण त्याच्या खांद्यावर फीत लावतो आणि विसरून जातो. मग त्याला नेतृत्व म्हणजे रगडा देणे, एवढेच कळते: कोणी उशिरा आला की मैदानाला फेऱ्या, बूट मळका असला की उठाबशा. त्याच्यावर जे झाले तेच तो पुढे चालवतो. हे मी माझ्या पथकात पाच-सहा वर्षे चालू दिले, शिस्त समजून. एके वर्षी पहिल्या वर्षाची निम्मी मुले दिवाळीनंतर परतलीच नाहीत, तेव्हा मी जागा झालो. त्यानंतर दर शनिवारी अंडर ऑफिसर आणि सार्जंट यांच्यासोबत अर्धा तास बसू लागलो. या आठवड्यात तुम्ही कोणाला काय शिकवले, एवढा एकच प्रश्न विचारायचो. 'शिक्षा केली' हे उत्तर धरले जाणार नाही, असे सांगून ठेवले होते.

दुसरे असे, की ५२ पैकी चार-पाच मुले सैन्यात जातील. उरलेली शेती करतील, दुकान चालवतील, ग्रामपंचायतीत निवडून येतील. त्यांचा विचार करून माणसे निवडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्या जिल्ह्याला जे शिकवले, ते सांगू शकणारे तलाठी, ग्रामसेवक आणि बोट चालवणारे लोक कृष्णेच्या काठी आहेत. तुमच्या दुष्काळी भागात टँकरचे नियोजन केलेले निवृत्त विस्तार अधिकारी असतील. चाळीस गावांना पंधरा टँकर पुरवायचे असतील तर आधी कोणते गाव, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून त्या अधिकाऱ्याला शेजारी बसवा. असे निर्णयाचे शिक्षण मी कोणत्याही व्याख्यानात पाहिलेले नाही.

आणि मॅडम, आपण स्वतः केअरटेकर राहू नका. एएनओच्या कमिशनपूर्व प्रशिक्षणासाठी नाव द्या. पुरुष शिक्षक त्यासाठी नागपूरजवळ कामठीला जात आले आहेत आणि महिला ग्वाल्हेरला. घर सोडून इतके दिवस राहणे सोपे नाही, पण आपण मैदानावर धावून आलो आहोत हे मुलांना कळते, आणि मग आपले बोलणे त्यांना वेगळे ऐकू येते.

भूगोलवाली (धागाकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार. वक्त्याचा प्रस्ताव मी प्राचार्यांकडे पाठवलेला नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र गेले असून त्यातच नाशिक रोडच्या वर्गांची चौकशीही केली आहे. जुन्या सरांकडून नऊ माजी छात्रांचे क्रमांक मिळाले. त्यांपैकी एक मुलगी सध्या जिल्हा बँकेत आहे आणि एसएसबीहून एकदा परत आलेली आहे. ती येत्या रविवारी येते म्हणाली. शनिवारचा अर्धा तासही सुरू केला. पहिल्या बैठकीत 'काय शिकवले' या प्रश्नावर पूर्ण शांतता होती, हे प्रामाणिकपणे सांगते. ग्वाल्हेरसाठी नाव देण्याबाबत घरी बोलणे चालू आहे.

सुभेदार साहेब, एक शंका आहे. आमच्या भूगोल विभागात चार चांगली होकायंत्रे आहेत आणि पुढच्या परेडला ती वापरायची आहेत. आमचे मैदान प्राध्यापकांच्या वाहनतळाला लागूनच आहे. त्या दिवशी गाड्या दुसरीकडे लावायला सांगू का?

निवृत्त_सुभेदार:

गाड्या आहेत तेथेच राहू द्या, मॅडम. मुलांना मात्र काही सांगू नका.