जिप्सीचा शॉकप गेला, पण बंप स्टॉपला ओरखडासुद्धा नाही

भोरची_जिप्सी:
मंडळी, माझी मारुतीची जिप्सी किंग आहे, चारी चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). गाडी उंच करायला लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या), लांब शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि २३५/७५ आर१५ टायर टाकलेत. रविवारी वेल्ह्याच्या पुढे ओढ्यात मागचं डावं चाक दगडावर आपटलं आणि ठक्क! घरी येऊन खाली शिरलो तर शॉकप तेलानं ओला, खालच्या बोल्टाभोवतीचं रबरी बुश फाटलेलं. बंप स्टॉपच्या, म्हणजे एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) फार वर येऊ नये म्हणून चासीला लावलेल्या रबरावर मात्र पावसाळ्यातला चिखल वाळून तसाच. मग हे रबर लावलंय कशाला?

उद्यमनगरकर:
भावा, रबर बिचारं वाट बघत बसलं, तोवर शॉकप मिटून भिडला. लांब शॉकप उघडतो जास्त, पण मिटल्यावरही जुन्यापेक्षा लांबच राहतो. रबर मात्र कंपनीनं लावलं तिथंच.

गाडी सपाटीवर घे, नेहमीचं सामान आत. शॉकपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोज. मग शॉकप सोडवून, पूर्ण दाबून परत मोज. माझं ४२० आणि ३४० मिमी आलं, म्हणजे शॉकप भिडायच्या आधी हातात ८०. रबरापासून एक्सलपर्यंत ७५, आणि ५० उंचीचं रबर दणक्यात निम्मं चेपतं असं धरलं, म्हणजे अजून २५. झाले १००, एवढं वर आल्यावर कुठं रबर एक्सलला अडवणार. वीसची उधारी! वर १५ शिल्लक पाहिजे, म्हणून ३५ चा स्पेसर, म्हणजे रबर खाली आणायला चासी आणि रबराच्या मध्ये बसवायचा ठोकळा. लेथवर लोखंडाचा गोल तुकडा कातून घेतला, आरपार भोक, लांब बोल्ट. वॉशरची चळत लावू नकोस. मी लावली होती, आंबोलीत बोल्ट वाकला.

चिखलराजा:
एवढं गणित कशाला राव? ट्रकचं मोठं रबर ठोका, विषय संपला.

उद्यमनगरकर:
आणि मग प्रत्येक खड्ड्यात रबरावरच बसायचं? पाटे लवायच्या आधीच गाडी उडते. मणका आपलाच असतो.

भोरची_जिप्सी:
दादा, मोजलं. हातात ९०, रबर ८० वर, म्हणून ३० चा स्पेसर टाकला. एक चाक दगडांच्या ढिगावर चढवलं तर एक्सलवर रबराचा काळा गोल शिक्का उमटला, शॉकपला बोटभर जागा उरली. पण टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतोय.

उद्यमनगरकर:
मग आता टायरचं ऐक. जे आधी भिडतं त्याच्या अलीकडं रबरानं अडवलं पाहिजे. अजून १० वाढव आणि परत त्याच ढिगावर चढव. पुढच्या चाकांचं करताना स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघ. आणि चाक लोंबतं असताना ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणत नाही ना, तेपण.