प्रतिसाद: बोटांत स्नायू नाहीत, मग बोटं हलतात कशी?

वर विचारलंय की बोटांत स्नायूच नसतील तर मूठ वळते कशी. प्रश्न फार छान आहे. उजव्या हाताने डावा हात कोपराच्या जरा खाली घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. कातडीखाली काहीतरी सरकताना जाणवेल. बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथे आहेत! आई भाकरी थापायची तेव्हा तिच्या हाताचा तोच भाग हलताना मी तासन्‌तास बघितलाय.

त्या स्नायूंपासून चिवट, पांढऱ्या दोऱ्या निघतात, त्या कंडरा. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून अशा 9 कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. बोटांच्या हाडांवर त्यांना धरून ठेवणारी कडी असतात, गळाच्या काठीवर दोरा ओवायला असतात तशी. ती नसती तर मूठ वळताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून वर आली असती.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून बोट उघडायला हाताच्या मागच्या बाजूला वेगळे स्नायू लागतात.

एक दुरुस्ती: वर एकांनी कंडरा आणि अस्थिबंध एकच म्हटलंय. तसं नाही. कंडरा स्नायूला हाडाशी जोडते, अस्थिबंध हाडाला हाडाशी. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो भरून यायला कित्येक आठवडे लागतात. घाई करू नका.