पीडीएफमधला तक्ता स्क्रीन रीडर एका दमात वाचतो, काय करू?

हिशेबनीस_बी१२
नमस्कार मंडळी. चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी मानद खजिनदार, म्हणजे पगार शून्य आणि शिव्या पूर्ण. वार्षिक सभेआधी येणे-बाकीचं पत्रक वर्डमध्ये करतो आणि पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आमच्या मजल्यावर एक काका आहेत. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून दृष्टी नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. परवा मला घरी बोलावून माझंच पत्रक ऐकवलं: "बी सात अठरा हजार एकोणीस हजार दोनशे बाराशे बी आठ अठरा हजार…"
"यातलं भरलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं, सांग बघू," म्हणाले. मलाच सांगता येईना! तक्ता इन्सर्ट टेबलनेच केलाय, स्पेस मारून नाही. मग चुकतंय कुठे?

कळफलक
पीडीएफ कशी करता? प्रिंटमध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडत असाल तर बहुधा तिथेच घोळ आहे. त्या वाटेने, निदान जुन्या वर्डमध्ये, टॅग, म्हणजे कुठला मजकूर काय आहे हे सांगणाऱ्या फाइलमधल्या लपलेल्या खुणा, गळून पडतात. कागदावर दिसतं तेवढंच उरतं. रांग कुठली, रकाना कुठला, याचा पत्ता फाइलमध्ये राहत नाही, मग वाचणारं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं.
सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा, ऑप्शन्स उघडा, तिथे 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी'वर टिक हवी. त्याआधी वर्डमध्ये पहिल्या रांगेवर कर्सर ठेवून 'रिपीट हेडर रोज' (Repeat Header Rows) हा पर्याय निवडा. नुसतं बोल्ड करून, मागे पिवळा रंग भरून शीर्षक होत नाही, ते फक्त आपल्या डोळ्यांना. पीडीएफमध्ये शीर्षकाच्या घराला टीएच आणि साध्या घराला टीडी असा टॅग लागतो, सगळा खेळ त्यावर आहे.
लिब्रेऑफिस वापरत असाल तर एक्सपोर्टमध्ये पीडीएफ/यूए (स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी पीडीएफ) असा पर्याय आहे, तो घ्या.

हिशेबनीस_बी१२
प्रिंटच करत होतो, पाच वर्षं! अजून एक: माझ्या तक्त्यात वर 'जमा' असं मोठं घर आहे, त्याखाली देखभाल, पाणी, सिंकिंग फंड. ते चालेल?

पांढरी_काठी
मी स्वतः एनव्हीडीएवाला, म्हणून सांगतो. आम्ही तक्ता पाहत नाही, त्यात चालतो. टी दाबला की पुढचा तक्ता, मग कंट्रोल-ऑल्ट धरून बाणाने एकेक घर. टॅग बरोबर असतील तर उजवीकडे सरकताना "येणे बाकी" असं आधी ऐकू येतं, मग आकडा. जोडलेली घरं आली की पाय अडखळतो. वरचं 'जमा' काढा आणि 'जमा देखभाल', 'जमा पाणी' अशी पूर्ण नावं एकाच रांगेत लिहा. रुंदी वाढेल, वाढू दे, पान आडवं करा.
खाली सरकताना प्रत्येक वेळी "बी सात", "बी आठ" ऐकू यायला हवं असेल तर पहिला रकानाही शीर्षक करावा लागतो. त्यासाठी ॲक्रोबॅट प्रोमधल्या टेबल एडिटरमध्ये त्या घरांना हेडर सेल करून स्कोप 'रो', म्हणजे हे शीर्षक त्या आडव्या रांगेचं, असा द्यायचा. फुकटच्या रीडरमध्ये हे होत नाही. आणि खरं सांगू? सोबत एक्सेलपण पाठवा. काका दुवा देतील.

डीटीपी_मामा
मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये नाही ना? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर टॅग कितीही लावा, काकांना तोच कचरा ऐकू येणार.

हिशेबनीस_बी१२
युनिकोडच आहे, वाचलो. काल रात्री एकच शीर्षकाची रांग, टॅगसकट सेव्ह, आणि एक्सेल, असं सगळं करून पाठवलं. सकाळी सातला काकांचा फोन: "रकाने आता चोख. पण बी-सातकडे बाराशे येणे कसे? त्यांनी तर आगाऊ भरलेत."
मी (१,२००) असं कंसात लिहिलं होतं, हिशेबात आपण उणे रक्कम लिहितो तसं. त्यांच्याकडे कंस वाचलाच जात नाही!

पांढरी_काठी
हो, मूळ सेटिंगला एनव्हीडीए कंस गिळतं. विरामचिन्हांची पातळी वाढवता येते, पण मग प्रत्येक कंस वाचत बसतं, डोकं उठतं. 'आगाऊ १,२००' असं शब्दात लिहा. आणि थकबाकीदार लाल रंगात दाखवले असतील तर तेही.

हिशेबनीस_बी१२
दाखवलेत. चार जण. बदलतो. काकांनी मागच्या तीन वर्षांची पत्रकंही अशीच मागितली आहेत.