विधानभवनाच्या दारावरचा माणूस निवृत्त होतो तेव्हा

पिंपळपान
१३ डिसेंबरला संसदेत फुलं वाहिली जातात तेव्हा जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंग नेगी ही नावं दरवर्षी आठवतात. २००१ च्या हल्ल्यात गेलेले हे दोघं संसदेच्या वॉच अँड वॉर्डचे, म्हणजे सभागृहाच्या सुरक्षा दलाचे, दोघांना मरणोत्तर अशोकचक्र. पण तीस-पस्तीस वर्षं दारावर उभं राहून, काही विपरीत घडू न देता घरी जातात त्यांचं काय? शाल, नारळ, तीच चार वाक्यं, संपलं. विधिमंडळाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा सत्कार नेटका कसा करावा, कुठं अडतं, जाणकारांनी लिहा.

दप्तरी
आधी तारीख. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. इथंच गोंधळ होतो. सेवापुस्तक बघितल्याशिवाय पत्रिका छापू नका.

शेवंती
सीआरपीएफच्या कमलेशकुमारी राहिल्या की. त्यांनाही अशोकचक्र आहे. माळी देशराज पण त्याच हल्ल्यात गेले.

पिंपळपान
खरंय ताई, राहायला नको होतं.

गेट क्र. २
घाईत लिहितोय. अधिवेशन चालू असेल तर घड्याळाची वेळ देऊ नका, सभागृह कधी उठेल सांगता येत नाही. 'कामकाज संपल्यावर अर्ध्या तासाने' असं लिहा. पाळी बदलताना ठेवलात तरच दारावरचे सहकारी येतात, नाहीतर समोर फक्त साहेब लोक. जमलं तर दोन पाळ्यांसाठी दहा-दहा मिनिटांचे दोन निरोप ठेवा.
घरच्यांचे पास आधी काढा, नावं फोटो ओळखपत्रावर आहेत तशीच. आणि निवृत्त होणाऱ्याचं स्वतःचं ओळखपत्र सर्वात शेवटी जमा करून घ्या. गणवेश, वॉकीटॉकी सकाळी जमा केले तरी चालतात.

मनीषा_क
पुष्पगुच्छात तार असते, दारावरच्या धातुशोधकात वाजते! दोऱ्यात ओवलेला हार आणा. स्मृतिचिन्ह धातूचं असेल तर दारावर आधी कळवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी खोकं फोडावं लागत नाही.

दप्तरी
वर्गणीचंही बघा. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १४ आहे. निवृत्तीचा खाजगी, अनौपचारिक निरोप चालतो, पण वर्गणीसाठी दबाव चालत नाही. वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क आणि ड गटाकडून, म्हणजे खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, पैसे गोळा करायलाही बंदी आहे. विधिमंडळाचं सचिवालय संविधानाच्या अनुच्छेद १८७ प्रमाणे स्वतंत्र असतं, तेव्हा तिथले नियम तिथंच विचारा, लेखी परवानगी घ्या.

अरुंधती
मानपत्रावर बोलते, कारण तेच घरी भिंतीवर राहतं. दीडशे-दोनशे शब्द पुरे, दीड मिनिटात वाचून होतात. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' हे कुणालाही लागू पडतं, काढून टाका. त्यांचं खरं काम लिहा. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ चेहरे ओळखायचे, दर निवडणुकीनंतर नवे पाठ करायचे, चिडलेल्या माणसाला आवाज न चढवता दाराबाहेर थांबवायचं. यातलं एक वाक्य वाचलं तरी मागं उभ्या सहकाऱ्यांचे चेहरे खुलतात. मात्र कुठल्या दाराला किती माणसं, कुठली उपकरणं, कुणाचा रस्ता कुठून, यातलं काही त्यात येऊ देऊ नका. मानपत्राचे फोटो तासाभरात सगळीकडे फिरतात. मसुदा मुख्य सुरक्षा अधिकाऱ्यांना दाखवूनच छापा. आणि नावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याच घरी विचारून घ्या.

नागपूरकर
नागपूरची हिवाळी अधिवेशनं किती केली ते मोजून लिहा, घर सोडून राहिलेले ते आठवडे आहेत. २०१८, २०२० आणि २०२१ ची मुंबईतच झाली, ती धरू नका.

बोरकूट
वॉच अँड वॉर्ड म्हणजे इंग्रजांनी काढलेलं ना?

गेट क्र. २
काळ इंग्रजांचा, पण पुढाकार विठ्ठलभाई पटेलांचा. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकले तेव्हा अध्यक्ष तेच होते. त्याच वर्षी हे दल उभं राहिलं. २००९ मध्ये नाव पार्लमेंट सिक्युरिटी सर्व्हिस झालं.

शेवंती
सभागृहात अध्यक्षांनी नाव घेतलं तर?

अरुंधती
त्याहून मोठा मान नाही. कार्यवृत्तात कायमची नोंद राहते. सचिवालयाकडे आठवडाभर आधी टिपण द्या, पाच-सहा ओळींचं. त्या दिवशी त्यांना अधिकारी दीर्घेत बसवा, ड्यूटीवर ठेवू नका. सदस्य बाकं वाजवतात तेव्हा ते आत असायला हवेत.

मनीषा_क
आणि घरच्यांचे पास त्याच दिवसाचे, प्रेक्षक दीर्घेचे. मोबाइल बाहेर ठेवावे लागतील, आधीच सांगा. फोटो सचिवालयाच्या छायाचित्रकाराकडून मागून घ्या.